जावईबापूंच्या माशांचा पाहुणचार

मळ्यातलं घर, सिद्धेश्वर धरणाच्या खाली
अधिक भाद्रपद, १९७४

चिरंजीव जावईबापू संतरामराव यांस तातेरावाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत. ‘सगळे’ म्हणजे माणसं, बैल आणि पद्मी. त्यात मासे धरू नका, त्यांच्याबद्दलच लिहायला बसलो आहे. तुमचा खोकला कसा आहे? खानावळीत तेलकट खाऊ नका. पद्मीला आठवा महिना लागला. माहेरी चांगली जेवते, चांगली झोपते, आणि तुमचं पत्र आलं नाही की माझ्यावर चिडते.

धोंड्याच्या जेवणाला आलात तेव्हा धरणातून धरलेले मासे तुम्ही आमच्या हौदात सोडून गेलात. औरंगाबादेत कॉलेजात तुमचे दुसरे मासे, त्यांच्या पाण्यात तुम्ही कपाशीवर फवारायचं एंड्रीन थेंबाथेंबानं घालणार, आणि आमचे मासे विहिरीच्या स्वच्छ पाण्यात मजेत राहणार. मग दोघांचं रक्त आणि लिव्हर तपासून विषानं आतून काय बिघडतं ते ताडून पाहणार. (मासे मारून मासे का मरतात ते शोधायचं आणि त्याला वर पदवी मिळते, हे ऐकून मी गप्प बसलो ते केवळ तुम्ही जावई म्हणून.) “मामा, तुमच्या विहिरीसारखं निर्मळ पाणी औरंगाबादेत मिळायचं नाही,” असं तुम्ही म्हणालात, तेव्हा माझी छाती जी फुगली ती चार दिवस उतरली नाही.

आता तुमच्या सासूबाई. जावयाची म्हैस जरी दारात आली असती तरी मालनबाईंनी तिला पाटावर उभी करून ओवाळलं असतं. त्या दिवशी तुम्ही पंगतीत सांगत होतात की, विषाच्या पाण्यात माशाच्या लिव्हरमधली साखर उतरत जाते आणि त्याच्या अंगातली ताकदच संपते. मालनबाई पुरण वाढत होत्या, त्यांनी एवढंच ऐकलं की माशांची साखर उतरते. दुसऱ्या दिवसापासून हौदात पुरणाच्या गोळ्या पडायला लागल्या. मी ओरडलो, तर म्हणतात, “काहून वरडून राहिले? जावयाचे मासे हायेत. अधिकात त्यायला बिनगोडाचं ठेवू का?” यावर मी काय बोलणार? (बोललो, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

पुढच्या आठवड्यात मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मग जागच्या जागी गरगर फिरायचे आणि कुशीवर कलंडायचे. शेजारच्या भिकाबाई आल्या, “नजर लागली, दुसरं काय न्हाई,” म्हणाल्या, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि चुलीत टाकायच्या सोडून हौदातच टाकल्या. मी सगळं खापर मालनबाईंच्या पुरणावर फोडलं. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला. ताट वाढायच्या, पण ते ठेवताना असा आवाज करायच्या की पलीकडच्या मळ्यात कळावं. मासे मात्र रोज जात राहिले. मेलेला प्रत्येक मासा मालनबाई कढीपत्त्याच्या बुडाशी पुरायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. तेव्हा मला फार वाईट वाटलं.

तर आता असं केलं आहे की, धरणावर जाऊन जाळेवाल्यांकडून तसलेच मासे घेतले आणि घागरीत घालून एस.टी.चे कंडक्टर अमरसिंग यांच्यासोबत पाठवले आहेत. तुमचा अभ्यास अडू नये आणि सासूबाईंवर राग धरू नये, एवढंच मागणं.

आपला,
तातेराव

ता. क. घागरी दोन आहेत. मोठीत मासे आहेत. लहानीवर फडकं बांधलं आहे, तिच्यात नुसतं आमच्या विहिरीचं पाणी आहे. ते आधी तपासा, मासे मागून. पुरण बंद करून, हौद घासून, विहिरीचं ताजं पाणी भरलं, तरी उरलेले मासे तसेच फिरत होते. विषातला मासा आधी वर येतो, मग गरगरतो, मग कलंडतो, हे तुम्ही पंगतीत सांगितलं होतं. तेव्हा माझं लक्ष अनारशांत होतं. आता शब्दन् शब्द आठवतो. आमच्या विहिरीचं पाणी गोड आणि ती रस्त्याला लागून, म्हणून आसपासच्या साऱ्या मळ्यांचे फवारणीचे पंप, माझासुद्धा, तिच्याच काठावर धुतले जातात. धुतलेलं पाणी मुरून जातं कुठे, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मी मालनबाईंची माफी मागितली. कारण सांगितलं नाही, त्यामुळे मला ताप चढला असावा असं वाटून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आम्ही म्हातारे कसेही निभावू. पद्मी मात्र दोन महिने हेच पाणी पीत होती. माशांचं काय झालं ते मी पाहिलं. पोटातल्या लेकराचं काय, ते तुम्ही मला सरळ लिहा. पत्र घरी न पाठवता अमरसिंगांच्या हाती द्या. मला भीती वाटते, जावईबापू.

आणखी एक. घाबरून धावत येऊ नका. पंप आता लांब पडीक रानात धुवायला लावतो. घरात मी ठोकून दिलं आहे की, अधिकात दोन जिवांच्या बाईनं पूर्णेचं पाणी प्यावं, पुण्य लागतं. आणि रोज बैलगाडीनं पूर्णेवरच्या धरणातून पाणी आणतो. भिकाबाईंनी ते गावभर केलं, आता माझ्यामागे गाड्यांची रांग असते. हौदातला तुमचा एक मासा तेवढा जगला आहे. त्याला मी त्या धरणाच्या पाण्यात, रांजणात ठेवलं आहे. सकाळी उठलो की आधी त्याला पाहतो. तो सरळ पोहताना दिसला, की मगच पद्मीला तांब्या भरून देतो. मालनबाई त्याला अजून चोरून पुरण घालतात आणि मी पाहिलं न पाहिलं करतो. तो मासा घागरीत पाठवलेला नाही. बाळंतपण होईपर्यंत तो मागू नका.