दोनदा वाजवलेली तुळई

ता. १४, मंगळवार

पाच शब्द. "काही दिवस इकडे येऊ नकोस." एवढंच लिहिलंस, तेही तुझ्या एसटी डेपोतल्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर, आणि पाठवलंस शेजारणीच्या हाती, म्हणजे तिने वाटेत वाचलंच. आता खालच्या दुकानापासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे की म्हातारीला नातवाच्या घराची बंदी झाली. फोन केला तर उचलत नाहीस. कागद मात्र उचलावाच लागतो, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यातही निम्मे दिवस वाळूची पाटी डोक्यावर. अक्षराला हसायचं नाही.

बरं. चि. ढब्बूस आजीचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा होता तसा आहे. तुम्ही कसे आहात ते विचारत नाही, सकाळी तुमच्याकडे काम करणाऱ्या सुताराकडून कळलं.

हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. त्याला बजावलंय, आधी बाहेरच्या खोलीत तुळईखाली दोन टेकू ठोक, पोरांची खाट स्वयंपाकघरात सरकव, मगच कागद खिशातून काढ. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा टेकू लागलेत आणि तू त्याला विचारलंयस की ही तुळई तर धड आहे, तुला कोणी सांगितलं? मी सांगितलं. मला कसं कळलं ते पुढे येईल. आधी राग लिहिते, तो रांगेत पहिला आहे.

पहिला राग तुम्हाला घर विकणाऱ्या त्या गोडबोल्यावर. भिंतींचे पोपडे लोंबतायत, मोरीचं तोंड फुटलंय, आणि तुळयांना तेवढा ताजा तपकिरी रंग. सगळं वऱ्हाड फाटक्या कपड्यात आणि नवरदेव तेवढा नटलेला. तू म्हणालास, माणूस हौशी दिसतोय. हौशी कसला. वाळवी लाकडाची वरची कातडी शाबूत ठेवते आणि आतून भुसा करते. त्या कातडीवर याने रंग चढवला.

दुसरा राग नळवाल्यावर. एका नळासाठी तीनदा आला आणि जाताना दरवेळी नवीन ठिकाणी गळती ठेवून गेला.

तिसरा तुझ्यावर. उंदराचा पिंजरा आणलास. उंदीर सापडला तर मारवत नाही म्हणून गल्लीच्या टोकाला सोडून आलास. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उंदीर, शेपटी अर्धी. तिसऱ्या दिवशी उंदीर, शेपटी अर्धीच. चौथ्या दिवशी तू छाती काढून मला सांगत होतास, चार पकडले. अरे, तुझ्याआधी घरी पोचत होता तो. वर जेवण तयार. तुझ्या बायकोने ते दुसऱ्याच दिवशी ओळखलं, पण नव्या नवऱ्याचं हसं नको म्हणून गप्प बसली. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासते ना ती, तिथला काचेचा चुरा आणला, सिमेंटात कालवला आणि बिळात ठासला. अर्ध्या शेपटीचा पाहुणा परत दिसला नाही. महिन्याभरात त्या घरात एक काम धड झालं ते तिने केलेलं. हे मी तुला बोलले नव्हते. तिला तर नाहीच.

आता गुरुवारचं. भर दुपारी ती आतल्या खोलीत खाटेवरची चादर झटकत होती आणि तुळईचं टोक भिंतीतून निसटलं. माळ्याच्या दोन फळ्या खाली आल्या. डोकं वाचवायला हात वर केला म्हणून हातावर भागलं. उजवं मनगट, दोन ठिकाणी.

आणि दवाखान्यातून परतल्यावर मी तुमच्या घरात उभी राहून तोंड सोडलं. गोडबोल्याला, नळवाल्याला, तुला, कोणाला सोडलं नाही. ऐकायला माणसं संपली तेव्हा तिच्याकडे वळले आणि विचारलं, खाट तिथे लावायला तुला कोणी सांगितलं होतं? हात गळ्यात बांधलेल्या पोरीला मी हे विचारलं. तू मला घराबाहेर ठेवलंस ते बरोबर केलंस. चिठ्ठी पाठवलीस ते चूक. असं तोंडावर सांगायचं असतं.

सुतार दारात बसून आहे. झालं का, झालं का, करतोय. टेकूची लाकडं त्याने हातगाडीवर लादूनही ठेवली आहेत. त्याला दुसरा चहा दिला. तिसरा मागायच्या आत मला पुढचं लिहायला हवं.

ढब्बू, तुझा कागद इथे संपला. याच्यामागचा कागद घडी न उघडता बायकोच्या हातात दे. तिला वाटलं तर ती तुला दाखवेल.

---

पोरी,

तुला कधी लिहिलं नाही, मायना सुचत नाही. तसंच धकव.

मी चाळीस वर्षं भिंतींना गिलावा केला. ढब्बूचे आजोबा गवंडी, पण भिंत कुठे सुटली आहे ते मला वाजवायला लावून विचारायचे. भिंत असो की लाकूड, वाजवलं की मला सांगतं. म्हणून तर तुम्ही दोघं घरं बघायला निघालात तेव्हा ढब्बूने मला बरोबर घेतलं. आजी बोलेल ते खरं, म्हणाला.

आधी तुझ्या पसंतीचं घर बघितलं. नदीपलीकडचं, तुझ्या कारखान्याला लागून. लहान, पण कोरडं. मी वाजवलं, खणखणीत होतं. बाहेर येऊन मी म्हणाले, भिंती पातळ आहेत, उन्हात भाजून निघाल. तुझं तोंड उतरलेलं मी बघितलं होतं.

मग हे. माझ्या दारापासून चालत आठ मिनिटं, या गुडघ्याने बारा.

आतल्या खोलीत काठीच्या मुठीने तुळई वाजवली. धड लाकूड टणक बोलतं. हे पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं बोललं. मी परत वाजवलं, कारण मला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. तेच ऐकू आलं. मग बाहेरच्या खोलीत दाराकडचं टोक वाजवलं, तेही तसंच. आतलं दोनदा वाजवलं ते फक्त तुझ्या लक्षात आलं. तू विचारलंस, "आजी, दोनदा का वाजवलंत?"

मी म्हणाले, "कान जुने झाले, बाई."

आणि ढब्बूला हाक मारून सांगितलं, घ्या, शंभर वर्षं हलत नाही.

का ते लिहिते. ढब्बूचा बाप, माझा मुलगा, असाच लांब घर करून गेला. पहिल्या वर्षी दर आठवड्याला यायचा, मग महिन्याला. आता कोणी मेलं तर येतो. मला दुसऱ्यांदा ते नको होतं. वाळवी सावकाश खाते हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, माझे दिवस निघेपर्यंत तुळई टिकेल, मागून यांचं हे बघतील. तिच्याखाली तू झोपणार आहेस हे माझ्या डोक्यात आलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "आजी, तुमचे कान अजून चांगले आहेत." ढब्बू हसला. त्याला वाटलं कौतुक केलंस. घरी येऊन मी जो तमाशा केला तो तुझ्या त्या वाक्यावर माती लोटायला.

आणि तू त्याला अजून सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर पाच शब्दांवर भागलं नसतं. याचाही मला राग आहे. मला पाठीशी घालायला मी तुला सांगितलं होतं? परवा दिवसभर भांडी आपटली मी त्यावरून. आणि आज सकाळी सुतार सहज बोलून गेला की तुम्ही खाट बाहेरच्या खोलीत हलवली आहे, दाराजवळ. तेव्हा माझ्या हातातली परात खाली पडली. गुरुवारीच बोलले असते तर पाच दिवस तू त्या तुळईखाली झोपली नसतीस.

आता कामाचं. दोन्ही तुळया काढायच्या, लोखंडी घालायच्या. टोकं भिंतीत जातात तिथली माती हातभर खणून काढायची, नाहीतर वाळवी परत येईल. स्वयंपाकघरातली तुळई भरीव आहे. सुतार ती पण काढू म्हणेल, त्याला हात लावू देऊ नका. हे मी खरं सांगते आहे. पण माझ्यावर सोडू नका. गावातला दुसरा कोणी गवंडी बोलवा, त्याच्याकडून तिन्ही वाजवून घ्या आणि ऐकायला तू स्वतः उभी राहा.

तोवर माझ्याकडे राहायला या, असं मी म्हणणार नाही. तेही परत मला जवळ हवंत म्हणूनच होईल. नदीपलीकडचं ते घर अजून रिकामं आहे. काल बस बदलून बदलून तिथे गेले. मालक म्हणाला, दुरुस्ती होईपर्यंत खुशाल राहू दे. पुढे तिथेच राहायचं की परत यायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. मी भिंत वाजवली. एकदाच.

ढब्बूला हे दाखवायचं की नाही ते तुझ्यावर. दाखवलंस तर मी नाकारणार नाही.

सुतार उठला. उत्तर तू लिहायचंस. ढब्बूच्या अक्षरातलं पाकीट मी न उघडता परत धाडीन, त्याला सांगून ठेव. प्लास्टर सहा आठवडे राहणार हे मला ठाऊक आहे. डाव्या हाताने खरडू नकोस, कोणाकडून लिहवून घेऊ नकोस. हात मोकळा होऊ दे, बोटं वळू देत, मी थांबते. येऊ नका, एवढंच लिहायचं असेल तर तेवढंच लिही. पण अक्षर तुझं पाहिजे.

तुझ्या नवऱ्याची आजी