वहीसारखं पान

५ जानेवारी
हिशेबाच्या प्रोग्रॅमवर आज पुन्हा ती पिवळी पट्टी. ‘वहीसारखं पान’ ही जुनी सोय जूनअखेर काढणार. फार थोडे लोक वापरतात म्हणे. कुणाची अडचण होणार असेल तर खालच्या पत्त्यावर कळवा.

खालचा पत्ता धाकट्याचा, माझ्या मुलाचा.

प्रोग्रॅम त्यानेच लिहिला आणि जगाला फुकट वाटला. वहीसारखं पान तेवढं माझ्यासाठी केलं होतं — डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, तळाला ‘पुढे नेले’ दिसल्याशिवाय मला चैन पडत नाही म्हणून.

दोन वर्षं झाली, घरात त्याचा आवाज नाही.

६ जानेवारी
कळवलं. भाचीने उघडून दिलेल्या नव्या ई-मेल पत्त्यावरून. नावाच्या जागी ‘एक गृहिणी’. खोटं नाही, पण खरंही नाही. संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे बघवलं नाही.

९ जानेवारी
उत्तर आलं! ‘कळवल्याबद्दल आभार. आपली नेमकी अडचण सांगाल का? घाई नाही.’

पोटचा पोर मला आपण म्हणतोय. चार वेळा वाचलं. परक्यांशी किती गोड बोलतो.

२ फेब्रुवारी
नवं पान कुठून उघडायचं, बेरीज कुठे बघायची, सगळं बैजवार लिहून पाठवलंय त्याने. पहिल्या झटक्यात जमलं. तरी ‘जमत नाही’ असं कळवलं. जमलं म्हटलं की पत्रं संपली.

हे म्हणाले, "एवढं कुणाला लिहितेस? सरकारला?"
"प्रोग्रॅमवाल्यांना."
"मग उत्तर येईल. सरकारकडून आलं नसतं." आणि पेपरात तोंड घातलं. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

२७ फेब्रुवारी
अजून ‘जमत नाही’ चालू आहे. पाप माझ्या माथी.

१८ मार्च
आज विचारलं — काढायचीच आहे तर एकदाची काढून का टाकत नाही? माझ्यासारख्या एकीसाठी कशाला थांबायचं?

उत्तर दुपारीच आलं. ‘दुसऱ्याच्या रोजच्या वापरातली वस्तू त्याला न विचारता काढू नये. आधी सांगायचं. वाट बघायची. बदली सोय द्यायची, सामान हलवायला मदत करायची. काढणं सगळ्यात शेवटी. हे मी स्वतः एकदा सोसलं आहे.’

गॅसवर दूध उतू गेलं. वास आला तेव्हा कळलं.

१९ मार्च
लिहूनच टाकते.

तो महिनाभर बाहेरगावी होता. त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात जुना संगणक पडून होता. कधी चालू झालेला मी तरी पाहिला नव्हता. जागा अडवून बसलेला. मी भंगारवाल्याला दिला. वर मनाशी म्हटलं, काय पण शहाणी आहे मी.

त्यात त्याचं सहा वर्षांचं काम होतं.

परत आला, रिकामा कोपरा बघितला. ओरडला नाही. म्हणाला, "आई, विचारायचं तरी होतंस."
मी म्हणाले, "बंद पडलेलं डबडं ते. त्यात काय विचारायचं?"

हे वाक्य मला परत गिळता येत नाही. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेला. तेव्हापासून आमचा फोन उचलत नाही.

११ मे
हात टेकले बिचाऱ्याने. ‘आपण फाइलच पाठवा. मी इथे बदलून देतो.’

फाइल पाठवली की संपलंच. ह्यांच्या गुडघ्याची औषधं, भाचीचं नाव, सगळं त्यात. पहिल्या पानावरच ओळखेल.

ह्यांना सांगितलं. वाटलं, रागावतील. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पाठव. मीही आहे ना त्यात."

१२ मे
पाठवली.

३० मे
उत्तर नाही.

२० जून
आलं. ‘सगळ्या नोंदी नव्या पानात आल्या आहेत. एकच प्रश्न. "धाकटा" नावाचा रकाना दोन वर्षं रिकामा आहे. नव्या पद्धतीत रिकामे रकाने गळतात. ठेवायचा की काढायचा? विचारल्याशिवाय काढत नाही.’

दिवसभर हातून काम झालं नाही. हे दोनदा येऊन पाठीमागे उभे राहिले. शेवटी लिहिलं — ठेव. तो माझ्याकडून कधीच निघणार नाही. संगणकाचं माझं चुकलं. तुला विचारायला हवं होतं.

खाली सही केली, आई.

३० जून
‘रकाना ठेवला आहे. जुनी सोय आज सगळ्यांसाठी काढली. आपली तक्रार निकाली निघाली, असं धरून हा पत्रव्यवहार बंद करत आहे.’

आईला उत्तर नाही.