पुढची लहान चकती

अण्णा, मागच्या आठवड्यात मी सायकल घेतली. साठीला दोन वर्षं उरली असताना, गुडघे बोलायला लागल्यावर. तुम्ही असता तर आधी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले असते, मग पुढचं चाक उचलून गर्रकन फिरवलं असतं आणि मान तिरकी करून त्याचा आवाज ऐकला असता. मीही तेच केलं. दुकानात उभ्या उभ्या माझ्या हातून ते होऊन गेलं आणि मग लक्षात आलं की हे तुमचं आहे. तुम्ही कधी शिकवायला बसला नाहीत, मी कधी शिकायला थांबले नाही, तरी एवढं कुठूनतरी माझ्यात राहिलं होतं.

सायकलीचं डोक्यात आलं ते पोलादपुरात. एका लग्नाहून परतताना आम्ही दोघं चहाला थांबलो होतो, महाबळेश्वरचा रस्ता जिथून फुटतो तिथे. चार बायका हेल्मेट घालून सायकलींवरून आल्या. त्यांतल्या एकीचे केस माझ्याहून पांढरे. तिने उभ्यानेच चहा घेतला, कप ठेवला, टांग टाकली आणि आंबेनळीच्या दिशेने चढाला लागली. पाय भरभर फिरत होते, सायकल मात्र अगदी सावकाश जात होती. ती वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले. त्या फिरणाऱ्या पायांत काहीतरी ओळखीचं होतं, पण काय ते तेव्हा कळलं नाही. घरी आल्यावर यांना सांगितलं, मला सायकल घ्यायची आहे, डोंगरात चालते तसली. हे म्हणाले, "गुडघ्यांना विचारलंस का?" म्हटलं, "विचारलं. ते नको म्हणाले." मग हे हसले आणि पुन्हा पेपरात गेले.

पेन्शनीतून मी वीस हजार बाजूला ठेवले होते. हेल्मेटसकट सगळं त्यात बसवायचं, असं ठरवून मी दुकानात गेले. आपल्या महाडच्या सायकल दुकानासारखं नाही ते. काचेचं दार, आत सायकली घोड्यांसारख्या ओळीने उभ्या. दुकान पस्तिशीतली एक बाई चालवते, माहेर पोलादपूरकडचं, बोलणं थेट तुमच्यासारखं. तिच्यासमोर गेले आणि अण्णा, माझ्या तोंडातून निघालं, "भाचीसाठी हवी होती."

"भाचीची उंची किती, मॅडम?"

"माझ्याएवढीच आहे."

"आणि वजन?"

"वजनही... साधारण माझ्याएवढंच."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "गुडघे दुखतात का भाचीचे?"

माझा हात आपसूक गुडघ्यावर गेला. ती खळखळून हसली. "बसा काकी. चहा सांगते. लाजायचं काय त्यात? माझी आई असती तर तिलापन बसवली असती."

मला एक निळी सायकल आवडली होती. जाडजूड टायर, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, बघतच राहावं अशी. तिने मान हलवली. "ही नको. दिसायला भारी, पण उचलून बघा." उचलली तर चाकं जमिनीवरून हलेनात. "आणि या किमतीत दोन्हीकडं स्प्रिंग म्हंजे नुसतं सोंग. चढाला तुम्ही पायडल मारणार आणि मागची स्प्रिंग दबणार. निम्मी ताकद तिनंच खाल्ली." मग मी गुलाबी, टोपलीवाली लेडीज सायकल दाखवली. "टोपलीत काय आणायचंय, भाजी? चढाची पायजे म्हणालात ना? मग बाईची, पुरुषाची बघू नका. माप बघा." कोपऱ्यातली एक करडी सायकल तिने ओढून काढली. पुढे एकच स्प्रिंग, टायर मध्यम, दिसायला अगदी साधी. मला म्हणाली, "सीट काखेत धरा, हात सरळ खाली सोडा. बोटं कुठं पोचतात?" बोटं बरोबर पायडलच्या धुऱ्याला टेकली. मग कोपर सीटच्या टोकाला लावायला लावलं, बोटं हँडलकडे. जमलं. ही मापं तिला सासऱ्यांनी शिकवली म्हणे. अण्णा, काखेत सीट धरून मी तिथे उभी होते आणि मला आपल्या दुकानातली तुमची बसायची फळी दिसत होती, तिच्यापुढे असेच हात सोडून उभे राहिलेले मास्तर, तलाठी, दूधवाले, आणि त्यांच्या बोटांकडे वाकून बघणारे तुम्ही.

माझी बोटं आखूड, ब्रेकपर्यंत नीट पोचत नव्हती. तिने एक बारीक स्क्रू फिरवून ब्रेकची मूठ जवळ आणली. सीट रुंद बसवून दिली. मग सायकल स्टँडवर चढवून तिने हाताने पायडल फिरवलं, अंगठ्याने कळ दाबली, आणि पुढे चेन मोठ्या चकतीवरून घसरून आतल्या लहान चकतीवर बसली. बशीएवढी चकती. मागे चेन सरकत सगळ्यात मोठ्या चकतीवर गेली. "हे ध्यानात ठेवा काकी. चढ आला की पुढची लहान, मागची मोठी. पाय शिलाई मशीनवानी फिरतील, सायकल हळू जाईल, लोक हसतील. हसू दे. पण उतरायला नाय लागणार."

मी त्या लहान चकतीकडे बघत राहिले. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, उन्हातून आले ना. तिने पंखा माझ्याकडे वळवला.

दहावीची परीक्षा देऊन मी घाटावरच्या कॉन्व्हेंटमधून कायमची घरी आले तो मे महिना. सात वर्षं तुम्ही मला तिथे ठेवलंत. भेटीच्या रविवारी पहिल्या एसटीने यायचात, नखांतलं ग्रीस रॉकेलने घासून काढलेलं, तरी वास राहायचाच. सिस्टर समोर असल्या की तुम्ही एक शब्द बोलायचा नाहीत, कारण मी एकदा म्हटलं होतं, "हाय नाही अण्णा, आहे म्हणायचं." तेव्हापासून माझ्याशीही जपूनच बोलायचात. गिऱ्हाइकाशी एका पंक्चरवर अर्धा तास बोलणारे तुम्ही माझ्यासमोर आलात की शब्द तपासून घ्यायचात. तर त्या मे महिन्यात दुकानाच्या मागच्या खोलीत तुम्ही गोणपाट ओढलंत आणि खाली सायकल. लेडीज फ्रेम, हिरवा रंग तुम्हीच दिलेला, मडगार्डवर पांढरी बारीक रेघ, तीही हाताने ओढलेली, एका ठिकाणी किंचित वाकडी. किती महिने रात्री बसून जुळवली असेल, मी विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्या गावाला जाऊ हिच्यावरनं. त्या चढावर आजवर कोण बसून आलेला नाय. मी बी नाय. समदे उतरून ढकलत येतात. तू बसून येशील गो." तुमचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्यावरून आत फुटणाऱ्या वाटेवर. तिथून तुम्ही लहानपणी अनवाणी उतरलात आणि महाडला एका सायकलवाल्याकडे राहिलात, एवढंच मला ठाऊक होतं. घाटावर मी दिवसातून शंभरदा थँक यू म्हणायचे. तुम्हाला त्या दिवशी म्हटल्याचं आठवत नाही.

सायकल घेऊन मी लगेच बाहेर पडले. आणि नेमकी त्याच दिवशी हॉस्टेलमधली माझी मैत्रीण, आईवडिलांबरोबर मोटारीने मुंबईला निघालेली, हायवेवर चहाला थांबली होती. मला बघून ती धावत आली, मग माझ्या पायांकडे बघून हसत सुटली. "अगं, तू सायकल चालवतेयस की शिवणयंत्र? पाय एवढे फिरतायत आणि सायकल जागची हलत नाहीये!" तिचे वडीलही हसले. चांगली माणसं होती, मनात काही नव्हतं त्यांच्या. पण मी तशीच परत आले. अजून दिसतं मला. तुम्ही फळीवर बसला आहात, मांडीवर कोणाची तरी ट्यूब, समोर पाण्याची परात. मी सायकल भिंतीला आपटून लावते. दोन गिऱ्हाइकं उभी आहेत. मी म्हणते, "लहान पोरांच्या सायकलीची चकती बसवलीत तुम्ही मला. दुकानात जुनी पडून होती म्हणून? सगळ्यांच्या सायकलीला असते तशी बसवा." गिऱ्हाइकं तुमच्याकडे बघतात. तुम्ही परातीतल्या पाण्याकडे बघता. बुडबुडा कुठून येतो ते शोधत असल्यासारखे. मग म्हणता, "बरं."

तेवढंच. बरं. संध्याकाळपर्यंत लहान चकती काढून तुम्ही मोठी बसवलीत. मागचं चक्रही बदललंत, तेही जास्त दात्यांचं होतं, हे मला त्या दिवशी दिसलं आणि कळलं नाही. चढासाठी पुढे लहान आणि मागे मोठं, ही गोष्ट तेव्हा महाडात कोणाला माहीत होती? गिअरच्या सायकली आम्ही पाहिल्याही नव्हत्या. तुम्ही ते स्वतःच्या डोक्याने काढलं होतं, चौथी शिकलेल्या डोक्याने, एका चढासाठी आणि एका मुलीसाठी. आणि समजावून सांगितलं नाहीत. सांगायला गेलात तर तोंडात 'हाय', 'नाय' येणार, म्हणून का? की दुकानात माणसांसमोर मुलीने कंजूष ठरवल्यावर माणसाला पुढे बोलावंसंच वाटत नाही? हे मी आज विचारते आहे, चाळीसावर वर्षं गेल्यावर.

दोन दिवसांनी आपण निघालो. पोलादपूरपर्यंत मी तुमच्या पुढे होते, वाऱ्यासारखी, मोठ्या चकतीवर खूश. आत फुटणाऱ्या वाटेवर पहिलंच वळण आलं आणि सायकल थांबली. मी उभी राहून जोर लावला, हँडल डुगडुगलं, पाय खाली आला. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. घामाने चेहरा चिकट, तोंडात धूळ. मी रागाने म्हटलं, "ह्या चढावर कोणीच बसून जाऊ शकत नाही."

तुम्ही वर बघितलंत, झाडांच्या वर, जिथे वाडीतली पहिली दोन कौलं दिसतात. "व्हय," म्हणालात. "कोणच नाय."

मी म्हटलं, परत जाऊया. ढकलत वर जाण्याइतकाही धीर धरला नाही मी. तुम्ही दोन्ही सायकली वळवल्यात, आधी माझी, मग तुमची. वाडीतल्या माणसांना तुम्ही सांगून ठेवलं होतं की मुलगी येणार आहे, बसून येणार आहे. हे मला पुष्कळ नंतर आईकडून कळलं. तुमच्या दिवसांना तिकडची माणसं आली होती तेव्हा.

काढलेली लहान चकती तुम्ही तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून फळीच्या वरच्या खिळ्याला टांगली होती. सहा वर्षं ती तिथेच होती. कागद तुम्ही मधूनमधून बदलायचात बहुतेक, कारण तो पिवळा पडलेला मला कधी दिसला नाही. तुमच्यामागे दुकान रिकामं केलं तेव्हा मीच ती खिळ्यावरून काढली. उघडून पाहिली, मनात आलं की पोराच्या सायकलीची चकती अण्णांनी एवढी जपून का ठेवली असेल, आणि भंगारवाल्याच्या तराजूत ठेवली. हिरवी सायकल पुढे एका पुरात गेली. तिचं एवढं वाटत नाही. चकतीचं वाटतं.

करडी सायकल घरी आणली त्याला आता आठ दिवस झाले. पहाटे निघते, हायवेच्या कडेने पोलादपूरपर्यंत जाते, येते. गुडघे कुरकुरतात पण चालतात. दुकानातल्या बाईने फोन करून विचारलं, "काय काकी, भाची कशी हाय?" म्हटलं, ठणठणीत आहे. दोनदा तुमच्या वाटेच्या पहिल्या वळणापाशीही जाऊन आले. आता डांबर आहे तिथे, चढ मात्र तोच. दोन्ही वेळा खाली पाय टेकून थोडी उभी राहिले आणि परत फिरले. यांना सांगितलं की वर रस्त्याचं काम चालू आहे. काम वगैरे काही चालू नाही.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी टाकलं असतं असं नाही. तिथे तुमच्यापर्यंत ते पोचेल का कोण जाणे, आणि पोचलं तरी तुम्ही परत नुसतं "बरं" म्हणाल. तरी एक सांगून टाकते. चढ झेपणार नाही म्हणून मी परत फिरत नाही, अण्णा. परवा त्या वळणावर मी लहान चकती टाकून दहा-बारा पायडलं मारली होती. सायकल थांबली नाही; तुमच्या चकतीवर तेव्हाही थांबली नसती. सावकाश, शिवणयंत्रासारखी, वरच चालली होती. म्हणून मी उतरले.