बुडाचे फुटवे

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून परसबाग माझ्या ताब्यात. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, कुणी तिकडे ढुंकून बघितलं नाही. आईचं एकच मागणं: बाबांनी जायच्या आदल्या वर्षी स्वतः कलम केलेल्या संत्र्याचं फळ तिला एकदा खायचंय. या वर्षात देतो म्हणालो. संकल्प दुसरा: चिडायचं नाही.

११ फेब्रुवारी
फोनवरच्या अ‍ॅपने सगळी झाडं ओळखली. पाट्या लावल्या. बायको म्हणते, पेरूला चिकूची पाटी लागलीय. अ‍ॅपला एकसष्ट टक्के खात्री आहे. हिला किती आहे? चिडलो. आजचा दिवस धरायचा नाही.

२ मार्च
संत्र्याचा वरचा भाग मरतुकडा. मोजून बावीस पानं. पण बुडातून दोन फुटवे आलेत, हिरवेगार, काटेरी, एकदम तरणेबांड. काटे म्हणजे तब्येत. शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, खालचे फुटवे काढा, ते वरच्याचं खातात. रिटायर माणसाला उद्योग नसतो, त्याला मी काय करू?

३ मार्च
वरचा भाग कापला. आता सगळा जोर फुटव्यांना. आई दारात उभी होती. म्हणाली, बाबा रोज खालचे कोंब खुडायचे. बाबांकडे अ‍ॅप नव्हतं. हे मी फक्त मनात म्हणालो.

२० जून
फुटवे माझ्या डोक्याच्या वर गेले. मास्तर बघतात आणि मान हलवतात. जळतात मेले.

९ ऑगस्ट
काट्याने तळहात फाडला. इंजेक्शन. डाव्या हाताने लिहितोय. बायको हसली. कधीच विसरणार नाही.

१४ नोव्हेंबर
एक फूल नाही. खत दुप्पट करूनही नाही. रोपवाटिकेवाल्याला बोलावलं. म्हणाला, साहेब, हे जंगली बूड आहे. संत्रं त्याच्यावर बांधलेलं होतं. ते कुठाय? हाकलून दिला. मास्तरांनीच पढवला असणार.

१५ नोव्हेंबर
पुस्तक काढलं. तेच लिहिलंय. इतकी महत्त्वाची गोष्ट पान एकशे त्र्याऐंशीवर छापतात, लाज नाही वाटत. आईला काय सांगू? त्या फांदीचं मीच सरपण करून टाकलं. बाबांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं.

२६ नोव्हेंबर
आज सांगणार होतो. तिने जेवताना विचारलं, कळी आली का? येईल म्हणालो.

१७ डिसेंबर, दुपार
आई घरात नाही. शोधत गेलो तर मास्तरांच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर सालींचा ढीग. त्यांच्या कोपऱ्यातलं झाड संत्र्यांनी लगडलंय. बाबांनी आपलं कलम बांधलं त्याच दिवशी त्यांनाही एक बांधून दिलं होतं. माझं डोकंच फिरलं. पोटचा पोरगा घरात असताना शेजाऱ्याला कशाला?

आई फोडीवरचे दोरे काढत शांतपणे म्हणाली, ते म्हणाले होते, एक मास्तरांकडे असू दे, आपल्याकडचं हा कापणार.

मग ती फोड मला दिली. गोड आहे.