हेड कोचचा पहिला सीझन

५ ऑक्टोबर २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठे कोच लिहितात म्हणे. पुढे आत्मचरित्राला सोपं जातं.

सद्यःस्थिती. मस्कतमधल्या एका खाजगी कॉलेजच्या बेसबॉल टीमचा हेड कोच. (कॉन्ट्रॅक्टवर ‘स्टुडंट ॲक्टिव्हिटीज असिस्टंट’ आहे. किरकोळ बाब.) असिस्टंट कोच नाही, त्यामुळे निर्णय झटपट होतात. अनुभव: जळगावला सॉफ्टबॉल, जिल्हा संघात राखीव. राखीव माणसाला खेळ जास्त दिसतो, हे लोकांना कळत नाही.

मैदान खडीचं. पोरं हौशी. पण पिचर! क्षितिज. माझ्या बायकोच्या, मधुवंतीच्या मोठ्या बहिणीचा, ओमानातल्याच इब्री गावच्या वसुताईंचा एकुलता एक. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, राहायला आमच्याकडे मवालेहला. काय हात आहे! असा हात घरात असणं आणि मी कोच असणं, हा योगायोग नाही.

डीन डॉ. साबेरा यांना खेळ समजावला. म्हटलं, मॅडम, पिचर म्हणजे क्रिकेटमधला बोलर, फक्त याची ओव्हर कधी संपत नाही. त्या म्हणाल्या, ‘बिचारा.’ मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

डिसेंबरचा इंटर-कॉलेज कप जिंकलो तर टीम कायम करणार आणि माझा ‘विचार’ करणार. विचार म्हणजे हेड ऑफ स्पोर्ट्स. दुसरं काय असणार?

संकल्प: दुसरा पिचर तयार करणे. आवाज न चढवणे. भात कमी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
जिंकलो!! बर्काच्या टीमला लोळवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटा क्षितिज. मला उचलून घ्यायचा पोरांनी प्रयत्न केला. (भात.)

घरी मधुवंतीने त्याच्या खांद्याला बर्फ लावला. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिला सगळीकडे पेशंट दिसतात. किती बॉल टाकले म्हणून विचारलं. मी मोजत नाही म्हटलं. मोजून प्रेम करतात का? मोजून कोचिंगही करत नाहीत. वाक्य चांगलं आहे, आत्मचरित्रात घालणे.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी गाडीत क्षितिज म्हणाला, ‘काका, आर्म हेवी फील होतोय.’ इब्रीत वाढलेला, मराठी बेतास बात. त्याला समजावलं की जड म्हणजे ताकद येतेय. खिडकीबाहेर बघत ‘ओके’ म्हणाला. गुणी पोरगा.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
दुसरा विजय. आज संकल्पाप्रमाणे चिन्मयला पिचर म्हणून उतरवलं. पहिला बॉल बॅट्समनच्या पाठीत. दुसरा अंपायरच्या. मग क्षितिजलाच बोलावलं. चिन्मयला पुढच्या वर्षी तयार करू.

परतताना क्षितिजने गाडीचं दार डाव्या हाताने उघडलं. पाणीही डाव्या हाताने प्यायला. दोन्ही हात सारखे चालणारा पिचर लाखात एक असतो. हे निसर्गतःच होतंय! मी फक्त निरीक्षण करतोय.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी
वसुताई आणि आमचे साडू रामकृष्णराव इब्रीहून शुक्रवारी रात्रीच आले. त्यांचं तिथल्या बाजारात इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. माणूस कमी बोलतो.

पहाटे अभ्यंगस्नान. वसुताई क्षितिजला तेल लावायला बसल्या. दंडाला हात लागला आणि पोरगा असा ओरडला की शेजारच्यांनी दार वाजवलं. मी सांगितलं, तेल गरम होतं. वसुताई म्हणाल्या, तेल कोमट पण नव्हतं.

नंतर फराळाच्या वेळी वसुताई हळूच म्हणाल्या, ‘रविकांत, याला काही झालंय का? मला सांगत नाहीये. तुम्ही बघताय ना?’ म्हटलं, ताई, चोवीस तास माझ्या नजरेखाली आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला. रामकृष्णराव मात्र चकली हातात धरून माझ्याकडेच बघत होते. खात नव्हते.

संकल्प: पुढच्या मॅचला क्षितिजला पूर्ण विश्रांती.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
क्षितिजला पूर्ण विश्रांती दिली. तिसऱ्या इनिंगपर्यंत. जिंकलो.

डीनबाईंचा मेसेज: ‘वेल डन, कोच.’ कोच!! लेखी!

४ नोव्हेंबर, मंगळवार
घरात वातावरण तंग. मधुवंतीने क्षितिजला स्टुलावर बसवून तपासलं. कोपराच्या वर, दंडाच्या हाडावर एका जागी अंगठा दाबला. पोरगा पांढरा पडला. तिने तीनदा दाबून बघितलं. तीच जागा.

मग मला किचनमध्ये बोलावून दार लावलं. हे स्नायूचं दुखणं नाही, हाडाचं वाटतंय, म्हणाली. ‘रवी, असं हाड एखाद्या दिवशी बॉल टाकता टाकता मोडतं. ऐकतोयस ना?’

एवढा धडधाकट पोरगा आणि म्हणे हाड मोडतं. मी ऐकतोय म्हटलं. मी खरंच ऐकत होतो, पण मनात सेमीफायनलची बॅटिंग ऑर्डर चालली होती.

तिने ओळखीच्या हॉस्पिटलात ऑर्थोपेडिककडे एकोणीस तारखेची अपॉइंटमेंट घेतली. त्या दिवशी तिची क्लिनिकला ड्यूटी. मी नेणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रॅक्टिसनंतर जाफर थांबला. आमचा कॅचर, निझवाचा, क्षितिजचे सगळे बॉल यानेच झेललेले. हिंदीत म्हणाला, सर, आधी त्याचा बॉल झेलताना माझा हात झोंबायचा, आता झोंबत नाही. आणि बॉल सुटताना क्षितिजच्या हातातून आवाज येतो.

कसला आवाज, विचारलं.

‘टक. छोटासा. सर, मला भीती वाटते.’

मी त्याला स्वतःच्या बॅटिंगवर लक्ष द्यायला सांगितलं. एकाग्रता नाही या पिढीत. क्षितिज लांब बाकावर बसून हात मांडीवर ठेवून होता. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

संकल्प: जाफरला मानसिक कणखरतेवर लेक्चर.

१९ नोव्हेंबर, बुधवार
हा दिवस नीट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी गैरसमज करायला नको.

सकाळी हॉस्पिटलला फोन केला आणि अपॉइंटमेंट पुढे ढकलली. सात डिसेंबर. फायनल पाच तारखेला आहे. म्हणजे फक्त क्रम बदलला. डॉक्टर तेच, हात तोच.

क्षितिजला सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर गेलेत. मधुवंतीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, पण तोपर्यंत त्याने बॉलला हात लावायचा नाही, आणि क्षितिजकडून तसं वचन घेतलं. त्याने दिलं. देताना माझ्याकडे बघितलं.

मी खोटं बोललो असं नाही. कुठले ना कुठले डॉक्टर सुट्टीवर असतातच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
फायनलमध्ये!!!

सोहारची टीम. चिन्मयने पिचिंग केलं, बऱ्यापैकी. शेवटच्या इनिंगला एका रनची आघाडी, त्यांचे दोन खेळाडू बेसवर, चिन्मय रडायच्या बेतात. क्षितिज बाकावर. वचन दिलेलं.

मी त्याला जा म्हटलं नाही. हे महत्त्वाचं आहे. मी फक्त त्याच्याकडे बघितलं. तो स्वतःच उठला.

शेवटच्या बॉलनंतर सगळे धावत मध्ये गेले, तो मात्र गुडघ्यावर बसून राहिला. भावना अनावर झाल्या असतील. त्याला उठवायला जाफर गेला. जाफर माझ्याशी बोलत नाही हल्ली.

गाडीत क्षितिज म्हणाला, ‘काका, मावशीला नको सांगायला.’ बघा. मी काही बोलायच्या आधी. टीम स्पिरिट म्हणतात ते हेच.

२ डिसेंबर, मंगळवार
डीनबाईंनी बोलावलं. फायनलला ट्रस्टी येणार. मग पेन खाली ठेवून विचारलं, सगळी मुलं फिट आहेत ना? तो तुमचा भाचा?

शंभर टक्के, म्हटलं.

‘तुमच्या भरवशावर आहे मी,’ म्हणाल्या. चांगलं वाक्य आहे. का कोण जाणे, पार्किंगपर्यंत पाय जड वाटले. भात पूर्ण बंद.

५ डिसेंबर, शुक्रवार, दुपार
हवा उत्तम. घरून निघताना क्षितिजला शर्टाची बटणं लावता येईनात, मीच लावली. नर्व्हस आहे. ‘काका, मी खेळणार आहे?’ म्हणाला. गरज पडली तरच, म्हटलं. मधुवंती मॅचला येतेय, तो बाकावर बसलाय याची खात्री करायला. वसुताई आणि रामकृष्णराव इब्रीहून थेट मैदानावर. सगळं कुटुंब! आज इन्शाल्ला इतिहास.

५ डिसेंबर, संध्याकाळ. हॉस्पिटलचा कॉरिडॉर
गरज पडली.

शेवटच्या इनिंगला आम्ही पुढे होतो आणि चिन्मय कोसळायला लागला. मी क्षितिजकडे बघितलं. तो उठला. मधुवंती स्टँडमध्ये उभी राहिली, माझं नाव घेऊन ओरडली. मी चष्मा पुसत होतो.

पहिला बॉल लांब पडला. दुसरा बरा.

तिसऱ्याला आवाज आला. सुकी फांदी मोडल्यासारखा, सगळ्या मैदानाला ऐकू गेला. मला वाटलं बॅटला लागला. मी टाळी वाजवली.

बॅट्समनने बॅट हलवलीच नव्हती. बॉल क्षितिजच्या मागेच पडला होता. तो उभा होता आणि त्याचा हात कोपराच्या वर, जिथे वळायला नको तिथे वळला होता. तो ओरडला नाही. डाव्या हाताने तो हात धरायला गेला आणि कुठे धरायचं ते त्याला कळेना.

सगळ्यात आधी जाफर पोचला. मग वसुताई. कुंपणावरून कशा आल्या माहीत नाही. मी सगळ्यात शेवटी. माझ्या हातात चष्म्याचं फडकं होतं.

६ डिसेंबर, शनिवार
ऑपरेशन झालं. दंडाचं हाड पिळवटून मोडलंय. प्लेट बसवली. सर्जन म्हणाले, हाड आधीपासूनच तडकलेलं असणार, हा इतके दिवस दुखतंय म्हणाला नाही का?



मी विचारलं प्लेट कसली. टायटॅनियमची, म्हणाले. टायटॅनियम हाडापेक्षा मजबूत असतं, म्हणजे पुढच्या सीझनला, असं मी म्हणत होतो. मधुवंतीने माझ्याकडे बघितलं. वाक्य अर्धंच राहिलं.

हाडाच्या मागून जाणारी एक नस दाबली गेलीय. मनगट वर होत नाही, बोटं उघडत नाहीत. बहुतेकांची हालचाल, संवेदना येते परत. काही महिने. ‘बहुतेकांची’ म्हणजे क्षितिजची येणारच.

७ डिसेंबर, रविवार
मधुवंतीच्या फोनवर याच हॉस्पिटलचा मेसेज आला, आज सकाळची अपॉइंटमेंट चुकली, नवीन हवी का? ती उठून रिसेप्शनला गेली. तिथल्या सफूराबाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर नव्हतेच, तारीख तुमच्या मिस्टरांनी बदलली.

मी म्हटलं, त्याचं असं झालं की.

ती म्हणाली, ‘नको.’

नंतर तिने वसुताईंना बाहेर नेऊन सांगितलं. काचेतून दिसत होतं. वसुताई भिंतीला टेकल्या. रामकृष्णराव आत आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. मला वाटलं, आता मारतात. बरं वाटलं असतं. त्यांनी क्षितिजला विचारलं, पाणी हवंय का.

क्षितिज मावशीला म्हणाला, ‘काकांनी फोर्स नाही केला. मी स्वतः गेलो.’ हे मीच इथे लिहून ठेवलं होतं. त्याच्या तोंडून ऐकवेना.

९ डिसेंबर, मंगळवार
डीन. खुर्ची दिली, चहा दिला. बेसबॉल बंद. कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपतं, पुढे नाही. तोपर्यंत हॉस्टेलच्या बसेस वेळेवर सुटतात का ते बघायचं. मी पाच वर्षांचा प्लॅन नेला होता. काढला नाही.

जाताना त्यांनी विचारलं, आता दुखतंय का त्याला? मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

१३ डिसेंबर, शनिवार
क्षितिजला आज इब्रीला नेलं. कॉलेजचं हे सेमिस्टर गेलं. मधुवंती पण गेली, रजा टाकून, त्याचा व्यायाम करून घ्यायला. किती दिवस ते बोलली नाही. मोठी सूटकेस नेली.

मी बॅग उचलली तर रामकृष्णरावांनी हातातून काढून घेतली. रागाने नाही. हळूच.

क्षितिज गाडीत मागे बसला होता. हात गळ्यात अडकवलेला, बोटं पुढे लोंबलेली. पलीकडून वसुताई पट्टा लावून देत होत्या, तो त्यांच्याकडे वळला होता. मी खिडकीतून हात घातला आणि त्याच्या अंगठ्यामागे, हाताच्या पाठीवर ठेवला. काहीतरी बोलायचं होतं. ‘चुकलं’ हा शब्द आठवत होतो. पोरगा वळेना. मी जरा दाबला. तरी वळेना.

वसुताईंची नजर खाली गेली तेव्हा त्याने वळून बघितलं.

‘काका, हात लावलाय का तुम्ही?’

हो म्हटलं.

‘अच्छा,’ म्हणाला, आणि काच वर करायचं बटण दाबायला डावा हात लांबवायला लागला. मी हात काढून घेतला.