पाहुण्यांचा रकाना

तीर्थरूप मामांना सविनय नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. माझी प्रकृती ठीक आहे (भूक नाही, झोप नाही, बाकी ठीक).

पत्रास कारण, मोबाइलमध्ये कोणतं कॅलेंडर ठेवावं याचा सल्ला हवा आहे. आमच्या मालकांनी फर्मान काढलं की लिफ्टदुरुस्तीची सगळी कामं निळ्या अ‍ॅपमध्ये नोंदवायची. घरच्या कामांसाठी मी वेगळं हिरवं घेतलं (कामाच्या जागी खासगी गोष्टी नेऊ नयेत, ही तुमचीच शिकवण). पण निळ्यात ज्या वेळी लिफ्टची तपासणी, नेमकी त्याच वेळी हिरव्यात माझी दाढ. तेवढ्यात हिरव्याने विचारलं, दोन्ही जोडू का? इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणणार?

दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवणारी ती तुम्हाला मामींकडून ठाऊक असेलच. शनिवारी तिची दुसऱ्या शाखेत बदली होतेय, म्हणून मी धीर करून नोंद केली: ‘गुरुवार, पाच वाजता, तिला लग्नाचं विचारणे.’ ठिकाण: तिच्या दवाखान्याचा तिसरा मजला, लिफ्टसमोर. कालावधी: पंधरा मिनिटं (पैकी दहा घाम पुसायला). पुढे ‘पाहुणे’ असा रकाना होता. रकाना रिकामा सोडला की अर्ज परत येतो, एवढं मी शाळेत नाही तरी कचेऱ्यांत शिकलोय. म्हणून तिचं नाव घातलं, मग तुमचं, मालकांचं आणि निळ्यातून आयत्या आलेल्या आठ इमारतींच्या व्यवस्थापकांचं. मला वाटलं, नावं नुसती नोंदीपुरती असतात. अ‍ॅपने सगळ्यांना आमंत्रणं धाडली!

दहा जणांनी ‘येणार’ कळवलंय. मालक म्हणाले, “अरे शहाण्या, लिफ्टमध्ये सहाच माणसं मावतात. बाकीच्यांनी काय जिन्यातून डोकावायचं?” एका व्यवस्थापकांनी चहाची चौकशी केली. तिने मात्र ‘कदाचित’ दाबलंय. त्या शब्दाकडे मी दोन दिवस बघतोय. शुद्धलेखन अगदी बरोबर आहे, अर्थ लागत नाही.

आपला आज्ञाधारक (आणि दोन्ही अ‍ॅप्सचाही),
भाचा

ता. क. कॅलेंडरचा सल्ला राहू द्या. ‘येणार’ हे सर्वांत आधी तुम्हीच दाबलंत, मामा. कृपा करून ते बदला. तुमचं बघून बाकीचेही मागे फिरतील.

ता. क. दुसरा. बदलू नका! आत्ताच तिचा निरोप आला. तिने मला साडेचारला बोलावलंय आणि खाली लिहिलंय, ‘पाहुणे पाचला येऊ देत. तोवर आपलं ठरलेलं असेल.’ तुम्ही मात्र सव्वाचारलाच या. मला एकट्याला भीती वाटते.