करपट वास नेमका कशाचा

सुराबाया, ३ जुलै २०२५

ती. वागिमान पाक्दे यांस,
भाची लिंतांगचा सलाम वि. वि.

फोनवर शब्द मागेपुढे होतात, म्हणून कागदावर. झालं ते असं:

१. १६ जूनला आईनं शाळेची व्हॅन तुमच्या गॅरेजात आणली. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की करपट वास येतो, एवढं सांगितलं.
२. तुम्ही गाडी चालवून न पाहताच नवी क्लचप्लेट घातलीत.
३. १९ तारखेला वास पुन्हा आला. नवी प्लेट बसेपर्यंत वास मारतेच, असं तुम्ही म्हणालात.
४. २२ तारखेला गल्लीच्या सामूहिक साफसफाईत, झाडूवर रेलून, सगळ्यांदेखत म्हणालात की आईचा, प्रिहातीनचा, पाय क्लचवरून उठतच नाही, तिच्या हवाली मुलं करणाऱ्या आयांची कमाल आहे.
५. आईच्या व्हॅनमधल्या अकरापैकी नऊ मुलांच्या आयांनी नव्या वर्षासाठी त्यांची नावं तुमच्या जावयाच्या, युलियांतोच्या, व्हॅनमध्ये घातली.

२८ जूनला मी घरी गेले. इंजिन गरम असताना आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट मागच्या बाजूनं कडक होऊन चिरलं होतं. चढावर तेल मागे सरकतं, गाडीला जोर दिला की तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकतं आणि जळतं. गॅस्केट बदललं, एक्झॉस्ट पुसून काढला. मुलांच्या वजनाइतक्या तांदळाच्या गोण्या भरून आई तोच चढ आठ वेळा चढली. वास नाही.

जुनी प्लेट तुम्ही रीतीप्रमाणे नव्या प्लेटच्या खोक्यात घालून परत दिली होती. मोजली. रिव्हेट प्लेटच्या घासणाऱ्या थरात अजून १.१ मिलिमीटर खोल आहेत. ०.३ उरलं की बदलायची असते. क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याची प्लेट अशी राहत नाही.

आई रोज सोयाबीनच्या टेम्पेचे काप तळते. ती करपट म्हणते तेव्हा कढईत जळलेलं तेल म्हणते. तुम्ही गॅरेजवाले करपट म्हणता तेव्हा क्लच. आपल्या जावानीज बोलीत दोन्हींना एकच शब्द, 'सङित'. कसला, एवढं विचारायचं राहिलं.

सोमवारी, १४ तारखेला शाळा उघडते. आदल्या रविवारी साफसफाईत, त्याच लोकांपुढे, 'चूक माझी होती' असं सांगा. आई बरी आहे. बोलत फारशी नाही.

आपली,
लिंतांग


बातू, ६ जुलै

चि. लिंतांग हिस,
तुझ्या थोरल्या मामाचे, पाक्देचे, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना वाटलं, पोलिसांनीच धाडलंय. तुझ्या मामीनं, बुदेनं, विचारलं, कुणाचं? म्हटलं, भाचीचं. तर म्हणते, मग घाम का फुटलाय!

अगं न्दुक, पोरी, तीस वर्षं मी नाकानं गाड्या ओळखतोय. वासाला व्हर्नियर कुठून लावतेस? प्लेटवर अजून मांस होतं, हे मलाही दिसलं. पण गिअरबॉक्स एकदा खाली उतरवला की जुनी प्लेट परत चढवतो कोण? कुठलाही मेकॅनिक हेच करील. आणि झाडू मारताना माणूस चार गमती करतो, त्याचं एवढं काय? युलियांतोची व्हॅन दोन महिने नुसती उभी होती. माझ्या पोरीचा संसार आहे तो. तुझ्या आईला टेम्पेचा धंदा आहेच. धाकट्या बहिणीचं वाईट मी कशाला चिंतीन?

गाडी बरी केलीस, शाब्बास. आता विषय संपव. सुट्टी काढून ये, बुदे तुझ्यासाठी रावोनचा काळा रस्सा करणार आहे.

माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा,
वागिमान पाक्दे


सुराबाया, ८ जुलै

ती. पाक्दे यांस,
स. वि. वि.

पत्र पोचलं. बुदेंना सलाम.

प्लेटवर मांस होतं हे तुम्हालाही दिसलं, ही ओळ मी तीनदा वाचली. माझा समज होता की तुम्ही चुकलात. चूक मी सोडून दिली असती. तुम्हाला प्लेट चांगली आहे हे माहीत होतं, आणि सहा दिवसांनी तुम्ही झाडूवर रेललात.

म्हणून पहिल्या पत्रातली मागणी मागे घेते. ती फार कमी होती.

रविवारी सकाळी आठला मी प्लेट घेऊन येईन. ती ओळ तुम्ही स्वतःच्या पत्रातून मोठ्यानं वाचायची. मग व्हॅनमध्ये आईच्या शेजारी बसायचं. मागे त्या नऊ आया बसतील. आई चढ चढेल. वर पोचल्यावर वास आला का, हे तुम्ही त्यांना विचारायचं, त्यांनी तुम्हाला नाही. मुलं कुणाच्या गाडीत घालायची ते त्या तिथेच ठरवतील. युलियांतोलाही बोलवा. त्यानं ऐकलेलं बरं.

आईला हे पत्र ठाऊक नाही. ती मला 'सोडून दे' म्हणते. गाडी चालवायला दादानं शिकवलं, हे अजून कौतुकानं सांगते. तिचा पाय क्लचवरून उठत नसेल, तर तो तिथे ठेवायला शिकवलं कुणी, हेही रविवारी कुणीतरी विचारेल. बहुधा मीच.

तुम्ही आला नाहीत तर तुमच्या पत्राच्या अकरा प्रती काढल्या आहेत. त्या मी स्वतः घरोघरी देईन. अक्षर सुवाच्य आहे, कुणाला अडचण येणार नाही.

रावोनसाठी थांबणार नाही. माया किती उरली ते रविवारनंतर सांगता येईल.

येणार की नाही, एवढंच शुक्रवारी, ११ जुलैला, नमाजाला जाण्याआधी लेखी कळवावं.

लिंतांग